यूकेत बेनिफिटवर असताना धड भाड्याचं घर कसं मिळवायचं

महिन्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई, तुम्ही लंडनजवळच्या स्लाव गावात घर कसं मिळवलंत हो, म्हणजे ते, यूसीवर असताना? आणि हे विचारताना आवाज इतका खाली येतो की जणू चोरीचा माल कुठे खपवायचा ते विचारताहेत. मी स्वतः यातून गेलेय, नवरा वेगळा झाला, पदरात दोन मुलं, शाळेच्या किचनमध्ये अर्धा वेळ काम आणि बाकी सगळं युनिव्हर्सल क्रेडिटवर (हीच ती यूसी, कमी उत्पन्नाच्यांना मिळणारी सरकारी मदत). तेव्हा जे मला कुणी सांगितलं नाही ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे फोनवर परत परत तेच नको. हे सगळं इंग्लंडचं आहे बरं का, स्कॉटलंड आणि वेल्सचे भाड्याचे कायदे वेगळे आहेत.

आधी व्हिसा बघा

तुमच्या ईव्हिसावर (ऑनलाइन व्हिसावर) 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, असं लिहिलेलं असेल तर पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता तरी नाही. स्किल्ड वर्कर, स्टुडंट, त्यांचे डिपेंडंट, स्पाउस व्हिसा, या सगळ्यांवर साधारण ही अट असतेच. ती असताना युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं घर नाहीतर काउन्सिल टॅक्स रिडक्शन (पालिकेच्या घरपट्टीसारख्या करातली सवलत) घेतलंत तर पुढे आयएलआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवानगीच्या वेळी ते गळ्याशी येतं. काउन्सिल टॅक्समध्ये एकट्या मोठ्या माणसाला जी २५ टक्के सूट मिळते ती मात्र पब्लिक फंडात धरत नाहीत, ती बिनधास्त घ्या. आयएलआर, सेटल्ड स्टेटस किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही, तो हक्क आहे तुमचा, इतकी वर्षं टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स काय हौस म्हणून भरला का.

एक अपवाद मात्र आपल्या बायकांनी पाठ करून ठेवावा. स्पाउस व्हिसावर आलेली आहे आणि घरातल्या मारहाणीमुळे, छळामुळे संसार मोडला, तर 'मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन' नावाचा अर्ज असतो, त्यातून तीन महिन्यांची परवानगी मिळते, त्या काळात बेनिफिट घेता येतात आणि तेवढ्यात आयएलआरचा अर्ज टाकायचा असतो. "पोलिसांकडे गेलीस तर तुला इंडियाला परत पाठवतील" हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलंय. ते खरं धरून बसू नका. फक्त या अर्जाने आधीचा व्हिसा संपतो, म्हणून तो भरायच्या आधी रजिस्टर्ड इमिग्रेशन सल्लागाराला विचाराच.

पुण्यातला फ्लॅट आणि गावची जमीन

यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडक्यात सांगते. यूसीत तुमची बचत ६,००० पौंडांच्या वर गेली की पैसे कापायला लागतात आणि १६,००० च्या वर गेली की यूसी बंद. ही बचत म्हणजे फक्त इथल्या बँकेतली नाही, तिकडची एफडी, नावावरचा फ्लॅट, सातबाऱ्यावर लागलेला हिस्सा, सगळं मोजतात आणि सगळं सांगावं लागतं. घर खरंच विकायला काढलं असेल तर सहा महिने सूट मिळते, आणि त्या घरात पेन्शनच्या वयाचे आईवडील राहत असतील तर तेही घर न धरण्याची तरतूद आहे, म्हणून घाबरून लपवण्यापेक्षा लिहून मोकळं व्हा. अंगावरचे दागिने मोजत नाहीत.

'आपल्या माणसाची' कॅश रूम

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण निम्मे लोक इथेच फसतात आणि मीही फसले.

घर सुटलं की पहिला विचार काय येतो, आपलं कुणीतरी बघू. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, रूम अव्हेलेबल, व्हेज फॅमिली प्रेफर्ड, बिल्स इन्क्लूडेड, स्टेशनपासून सात मिनिटं. काका प्रेमाने बोलतात, काकू चहा देतात, रेफरन्स नको, क्रेडिट चेक नको, उद्याच या. फक्त भाडं कॅशमध्ये आणि ॲग्रीमेंट वगैरे भानगड नको, आपण आपलीच माणसं. मी अशा एका घरात आठ महिने काढले, दोन मुलांना घेऊन एका खोलीत, महिना ६५० पौंड रोख. यूसीच्या हाउसिंगसाठी जेव्हा कागद मागितला तेव्हा काकांचा चेहरा एकदम बदलला, म्हणाले आमचं नाव कुठे येता कामा नये, पाहिजे तर दुसरीकडे बघा.

हिशोब करा. यूसीत दोन भाग असतात, एक खाण्यापिण्याचा आणि दुसरा भाड्याचा, त्याला हाउसिंग एलिमेंट म्हणतात. तो दुसरा भाग मिळायला तुम्ही खरोखर भाडं देण्याला बांधील आहात हे दाखवावं लागतं. आता तोंडी करार हाही कायद्याने करारच असतो, पण मालक साधी चिठ्ठी लिहून द्यायला तयार नाही, पैसे रोख, पावती नाही, मग सिद्ध कशाने करणार? म्हणजे आठ महिने, ५,२०० पौंड, सगळे माझ्या पोटाला चिमटा काढून गेले, आणि वर हातात बँकेतून भाडं भरल्याचा एक पुरावा नाही, म्हणजे पुढच्या एजंटपुढे मी जणू आठ महिने हवेतच राहत होते. स्वस्त वाटलेली ती खोली मला कुठल्याही फ्लॅटपेक्षा महाग पडली.

शिवाय घरमालक त्याच घरात राहत असेल आणि किचन-बाथरूम तुमच्यात सामायिक असेल तर तुम्ही कायद्याने लॉजर. लॉजरला हक्क फार थोडे, डिपॉझिट स्कीममध्ये टाकायची सक्ती नाही, थोड्या दिवसांच्या नोटिशीवर बाहेर. एकट्या माणसाला दोन महिने काढायला ठीक आहे, पण मुलं घेऊन नको.

आणि भावाकडे राहून "मी भाऊला भाडं देते" असं दाखवायचा विचार असेल तर तोही सोडा. आईवडील, सासूसासरे, भाऊ, बहीण, मुलं यांच्याबरोबर त्यांच्याच घरात राहून त्यांना दिलेल्या भाड्याचे पैसे यूसीत मिळत नाहीत, खरंच देत असलात तरी नाही.

घर बघायच्या आधी आकडा काढा

आपण राइटमूव्ह ही घरांची साइट उघडतो, घर आवडतं, मग परवडतं का ते बघतो. उलटं करायचं. तुम्हाला भाड्यासाठी जास्तीत जास्त किती मिळू शकतं याचा एक ठरलेला आकडा असतो, त्याचं नाव लोकल हाउसिंग अलाउन्स, सगळे एलएचए म्हणतात. सरकारच्या साइटवर पोस्टकोड टाकला की तुमच्या भागाचा आकडा दिसतो, खोल्यांच्या संख्येनुसार. भागातली भाडी स्वस्तातून महागाकडे रांगेत लावली तर खालून तिसाव्या टक्क्यावर जे भाडं येईल ते धरायचं असा मूळ नियम, पण सध्याचे आकडे सप्टेंबर २०२३ च्या भाड्यांवरून एप्रिल २०२४ मध्ये ठरले आणि त्यानंतर गोठवून ठेवले. बाहेर भाडी पळताहेत आणि आकडा बसलाय जागच्या जागी. म्हणून एलएचएमध्ये बसणारं घर सापडायला वेळ लागतो, तो तुमचा नाकर्तेपणा नाही.

खोल्या कशा मोजतात ते नीट समजून घ्या. जोडप्याला एक, सोळा आणि वरच्या प्रत्येकाला एक, दहाच्या आतली दोन मुलं मुलगा-मुलगी असली तरी एका खोलीत, सोळाच्या आतली दोन मुलं एकाच लिंगाची असतील तर एका खोलीत, आणि जास्तीत जास्त चार. माझी मुलगी दहाची झाली आणि मुलगा सात वर्षांचा होता, त्या वाढदिवसाला आमचा हक्क दोन खोल्यांवरून तीनवर गेला. आता गंमत पुढे आहे. आकडा तुमच्या कुटुंबावरून ठरतो, तुम्ही प्रत्यक्षात किती खोल्यांचं घर घेतलंय त्यावरून नाही! म्हणजे हक्क तीन खोल्यांचा असेल आणि तुम्ही दोन बेडरूमचं जरा बरं घर घेतलंत तर तीन खोल्यांच्या आकड्यापर्यंत त्याचं खरं भाडं मिळू शकतं. मी हेच केलं, हॉलमध्ये सोफाबेडवर मी झोपते आणि मुलांना एकेक खोली. हे मला जॉबसेंटरमध्ये, म्हणजे यूसीच्या ऑफिसात कुणी सांगितलं नाही, सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या एका बाईंनी सांगितलं.

पस्तीसच्या आतला एकटा माणूस असेल, मूल नसेल, तर त्याला फक्त शेअर्ड घरातल्या खोलीचा दर मिळतो. यात अपवाद आहेत, पिप (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा भत्ता) मधला डेली लिव्हिंग भाग मिळत असेल तर, घरगुती हिंसेतून बाहेर पडलेली व्यक्ती असेल तर, होमलेस हॉस्टेलमध्ये तीन महिने काढले असतील तर. लागू होत असेल तर स्वतःहून सांगा, ते शोधून काढून तुम्हाला देणार नाहीत.

आणि या सगळ्यावर एक झाकण आहे, बेनिफिट कॅप. लंडनबाहेर कुटुंबाला वर्षाला २२,०२० पौंड आणि ग्रेटर लंडनमध्ये २५,३२३, एकट्याला अनुक्रमे १४,७५३ आणि १६,९६७. स्लाव लंडनमध्ये धरत नाहीत, भाडी मात्र जवळजवळ लंडनची, त्यामुळे इथे दोन्हीकडून मार. तुम्हाला, जोडीदाराला किंवा मुलाला पिप असेल किंवा काम करून ठरलेल्या रकमेच्या वर कमाई असेल तर कॅप लागत नाही, म्हणून थोडे तास वाढवले तर कॅप उठते का ते टर्नटूअस या संस्थेच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर टाकून बघा. पेन्शनच्या वयाच्यांना यूसी नाही, त्यांना भाड्यासाठी काउन्सिलकडून जुनं हाउसिंग बेनिफिट मिळतं, कॅप त्यांना नाही.

फाइल तयार ठेवा

एजंटला तुमची दया येत नसते, त्याला कागद लागतात. यूसीचं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट ज्यात हाउसिंगची रक्कम वेगळी दिसते, पगाराच्या स्लिपा, वर्षभराचं बँक स्टेटमेंट ज्यात भाडं दर महिन्याला गेलेलं दिसतं, आधीच्या घरमालकाचं चार ओळींचं पत्र, आणि राइट टू रेंटसाठी, म्हणजे इथे भाड्याने राहायचा हक्क आहे हे दाखवायला, सरकारी साइटवरून काढलेला शेअर कोड. शेअर कोडची मुदत असते, फार आधी काढू नका. एका पानावर स्वतःबद्दल लिहा, कोण राहणार, मुलं कुठल्या शाळेत, काम काय, महिन्याला एकूण किती येतात आणि भाडं जाऊन किती उरतात. मी ते पान लिहिताना दोनदा रडले आणि तिसऱ्यांदा नीट लिहिलं.

गॅरंटरचं आधीच बघा. बरेच एजंट वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट मागतात, म्हणजे १,१०० पौंड भाड्याला ३३,००० पौंड, आणि गॅरंटरला छत्तीसपट. यूसी धरूनही हे जमत नाही तेव्हा गॅरंटर लागतो आणि तो यूकेत राहणारा, शक्यतो स्वतःचं घर असलेला. इथेच लाज आडवी येते. मी सहा महिने ज्यांना विचारायला कचरत होते त्या मैत्रिणीने पाच मिनिटांत हो म्हटलं. मात्र गॅरंटर म्हणजे नुसतं ओळखपत्र नव्हे, तुम्ही भाडं चुकवलंत तर त्यांनी भरायचं, हे त्यांना स्पष्ट सांगून मगच सही घ्या. कुणीच नसेल तर काउन्सिलच्या हाउसिंग खात्याला रेंट डिपॉझिट किंवा बाँड स्कीम आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी असते.

फोनवर काय बोलायचं

पूर्वी जाहिरातीतच लिहायचे, नो डीएसएस, म्हणजे बेनिफिटवाले नकोत. ते डीएसएस म्हणजे बेनिफिट देणारं जुनं सरकारी खातं, ते २००१ साली बंद झालं, नाव मात्र भुतासारखं जाहिरातींत फिरत राहिलं. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या काउंटी कोर्टाने ठरवलं की बेनिफिटवाल्यांना सरसकट नाही म्हणणं हा इक्वॅलिटी ॲक्टखाली अप्रत्यक्ष भेदभाव आहे, कारण बेनिफिटवर बायका आणि अपंग लोक जास्त असतात. त्यानंतर रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ आला, त्यात बेनिफिट मिळतात किंवा मुलं आहेत म्हणून घर नाकारणं थेटच बेकायदा, इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून. तारीख लक्षात राहायला सोपी, आपला महाराष्ट्र दिन.

आता कायदा आहे म्हणून फोन उचलून कायदाच ऐकवायचा का, तर नाही. पहिल्या फोनवर मी एवढंच विचारते की घर अजून आहे का, बघायला कधी येऊ. उत्पन्नाचं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण "मी बेनिफिटवर आहे" असं काकुळतीला येऊन सुरुवात करायची नाही. "माझी नोकरी आहे आणि यूसीचा टॉपअप आहे, भाड्याचा आकडा एलएचएमध्ये बसतोय, गॅरंटर आहे, स्टेटमेंट आत्ता पाठवते." बस. समोरून "लँडलॉर्ड बेनिफिट घेत नाही" आलं तर गोड आवाजात म्हणायचं, हेच मला ईमेलवर लिहून द्याल का? दहातले तीन-चार एकदम म्हणतात थांबा, परत विचारून बघतो. लिहून दिलंच तर तो ईमेल शेल्टर या घरांच्या प्रश्नांवर मदत करणाऱ्या संस्थेला दाखवता येतो. तुम्हाला किती पैसे मिळतात यावरून, म्हणजे हे भाडं झेपेल का यावरून, ते नाही म्हणू शकतात, म्हणून तर आकडा आधी काढायला सांगितला.

एजंट मोठे असतील तर आधी छोटे मालक गाठा, ओपनरेंटसारख्या साइटवर मालक स्वतः बोलतो आणि माणूस समोर दिसला की त्याचं डोकं वेगळं चालतं. आपल्यांमध्ये हेही सांगून ठेवते, फोडणीचा वास म्हणून नाक मुरडणारे भेटतील. केंटमधल्या एका बड्या घरमालकाने करीच्या वासाचं कारण देऊन एजंटांना भारतीय-पाकिस्तानी भाडेकरू नको असं कळवलं होतं, २०१७ मध्ये कोर्टाने त्याला मनाई हुकूम दिला. तेव्हा किचनला एक्स्ट्रॅक्टर आहे का ते बघा आणि माफी मागत बसू नका.

हातात किती पैसे लागतील

१,१०० पौंड भाड्याचं घर धरू. डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, म्हणजे साधारण १,२६९ पौंड, आणि पहिल्या महिन्याचं भाडं १,१००. घर अडवून ठेवायला घेतात ते होल्डिंग डिपॉझिट एका आठवड्याच्या वर नाही, इथे साधारण २५३, तेही नंतर वळतं होतं. रेफरन्स फी, ॲडमिन फी, ॲग्रीमेंट फी असलं काही मागितलं तर २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टने ते बंद केलंय. "बेनिफिटवाले आहात तर सहा महिन्यांचं भाडं आधी द्या" हे माझ्या वेळी सर्रास चालायचं, १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. जाहिरातीत छापलेल्या भाड्याच्या वर बोली लावायला सांगणंही बंद.

हे दोन-अडीच हजार आणायचे कुठून? यूसी सहा महिन्यांपासून चालू असेल आणि कमाई कमी असेल तर बजेटिंग ॲडव्हान्स मागता येतो, मुलं असतील तर जास्तीत जास्त ८१२ पौंड, एकट्याला ३४८, बिनव्याजी पण पुढच्या यूसीतून कापून घेतात. दुसरं म्हणजे काउन्सिलची मदत, तिला पूर्वी डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट म्हणायचे, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६ पासून ती क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडात गेली. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि एकदा नाही म्हणाले तर फेरविचार मागायचा. नव्याने यूसी टाकत असाल तर पहिला पैसा यायला पाच आठवडे लागतात, हे मालकाला शब्द द्यायच्या आधी लक्षात घ्या.

आणि ५६ दिवसांच्या आत बेघर व्हायची वेळ येणार असेल तर काउन्सिलच्या हाउसिंग ऑफिसला आजच जा, सामान रस्त्यावर यायची वाट बघू नका. त्यांनी तुमची केस तपासून लेखी प्लॅन करून द्यायचा असतो. ते म्हणतील बेलिफ (कोर्टाच्या हुकमाने घर खाली करून घेणारा माणूस) येईपर्यंत घर सोडू नका, ऐकायला भयंकर वाटतं, पण स्वतःहून निघालात तर मुद्दाम बेघर झालात असा ठपका येऊ शकतो. अशा वेळी शेल्टरच्या हेल्पलाइनला फोन करून मगच पाऊल उचला.

घर बघताना

संध्याकाळी जा, शक्यतो पाऊस पडत असताना, या देशात ते काही अवघड नाही. कपाट भिंतीपासून जरासं ओढून मागे बघा, बुरशी तिथेच असते. एकाच कोपऱ्यात ताजा पेंट दिसला तर समजा काहीतरी झाकलंय. खिडकी उघडते का, बाथरूममध्ये पंखा आहे का, गरम पाणी यायला किती वेळ लागतो, सगळं स्वतः चालू करून बघा, एजंट घड्याळ बघेल, बघू दे.

त्याहून महत्त्वाचं मीटर. प्रीपेमेंट (आधी पैसे भरून चालणारं) मीटर आहे का, आधीच्या भाडेकरूचं कर्ज त्यावर राहिलंय का. हीटिंग गॅसचं की विजेचं. ईपीसी रेटिंग (घराला ऊर्जा किती लागते त्याचा ए ते जी दर्जा) किती, ई च्या खालचं घर सहसा भाड्याने देताच येत नाही, पण ई आणि सी मधला फरक तुम्हाला जानेवारीच्या बिलात कळतो. भाड्याचे चाळीस पौंड वाचवून मी आधी एक ई रेटिंगचं घर घेणार होते, खालच्या मजल्यावरच्या पोलिश आजींनी दारातच हिवाळ्याचं बिल दाखवलं आणि मी मागे फिरले. शेजाऱ्यांशी बोला, ते एजंटपेक्षा खरं सांगतात.

शेअर्ड घर असेल तर काउन्सिलच्या साइटवर लायसन्स बघा. पाच किंवा जास्त माणसं, वेगवेगळ्या कुटुंबांतली, एका घरात असतील तर एचएमओ (अनेक कुटुंबांच्या शेअर्ड घराचं) लायसन्स सक्तीचं, आणि त्यात एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा हवी. मी मोजपट्टी घेऊन जायचे. लोक हसतात, हसू दे.

घर न बघता पैसे कधीच पाठवू नका, मालक "सध्या परदेशात" असला की समजून जा. शंका आली तर लँड रजिस्ट्रीत सात पौंडांत घर कुणाच्या नावावर आहे ते दिसतं.

सही आणि किल्ली

ॲग्रीमेंटवर तुमचं नाव, मालकाचं नाव, पत्ता, भाडं आणि तारीख स्पष्ट हवं, यूसीला हेच लागतं. भाडं आठवड्याचं लिहिलं असेल तर महिन्याचं काढताना चारने गुणू नका, ५२ ने गुणून १२ ने भागा, नाहीतर दर महिन्याला थोडे थोडे कमी पडत जातात. डिपॉझिट मिळाल्यापासून तीस दिवसांत मालकाने ते सरकारमान्य स्कीममध्ये टाकून तुम्हाला माहिती द्यायची असते. नाही टाकलं तर डिपॉझिटच्या एक ते तीन पटींपर्यंत भरपाई मागता येते. गॅस सेफ्टीचं दर वर्षीचं सर्टिफिकेट, विजेच्या तपासणीचा पाच वर्षांच्या आतला रिपोर्ट, प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म, हे बघून घ्या. किल्ली घेतल्याच्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, कार्पेटचा, ओव्हनच्या आतला फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

१ मे २०२६ पासून विनाकारण घर खाली करा म्हणणारी सेक्शन २१ ची नोटीसही गेली, आणि भाडं वर्षातून एकदाच, दोन महिने आधी कळवून वाढवता येतं. म्हणून गीझर नाही तर हीटर दुरुस्त करा म्हणून मालकाला लिहायला आता पूर्वीइतकी भीती नको. फोन नको, लिहूनच कळवा.

मालक तुमच्या हातात पैसे यायला घाबरत असेल तर भाडं यूसीतून थेट त्याच्याकडे जायची सोय मागता येते, पैसे सांभाळणं कठीण जातंय किंवा दोन महिन्यांचं भाडं थकलंय अशा वेळी ती देतात. मी मागितली नाही, माझं मी भरते आणि बँकेत ती ओळ दिसते, पुढच्या घरासाठी तीच कामाला येईल.

शिफ्टिंगची तारीख

यूसीचा प्रत्येकाचा एक महिना असतो, कुणाचा १२ तारखेला सुरू, कुणाचा २३ ला, त्याला असेसमेंट पीरियड म्हणतात. त्या महिन्यात कुठल्याही दिवशी घर बदललं तरी पूर्ण महिन्याला नवीन भाडं धरतात. म्हणजे जास्त भाड्याच्या घरात जात असाल आणि महिना संपायच्या एक-दोन दिवस आधी शिफ्ट झालात तर पूर्ण महिना नव्या भाड्याने मिळतो, आणि कमी भाड्याच्या घरात जात असाल तर महिन्याच्या सुरुवातीलाच जा, नाहीतर जुनं महागडं भाडं भरून हातात नवीन कमी रक्कम येते. माझ्या ओळखीतल्या एकीला फक्त तारीख पाच दिवस पुढे ढकलून तीनशेच्या वर पौंड वाचले. बदल त्याच महिन्यात यूसीच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलवर टाकायचा, मूव्ह झाल्या दिवशीच रात्री, खोक्यांवर बसून का होईना. दोन घरांचं भाडं एकाच वेळी सहसा मिळत नाही, म्हणून जुन्या घराची नोटीस आणि नव्याची तारीख जुळवून घ्या.

आणि काउन्सिल टॅक्स रिडक्शन यूसीबरोबर आपोआप येत नाही, तो फॉर्म काउन्सिलकडे वेगळा भरावा लागतो, आणि काउन्सिल बदललं तर नव्याने. मी पहिल्या वेळी विसरले होते आणि चार महिन्यांनी लाल अक्षरांतलं पत्र आलं, तेव्हा किल्ली मिळालेल्या आठवड्यातच तो भरून टाका.